एंडोमेट्रिऑसिस आणि साफ न होणारं पोट: ईसबगोलचा डबा उघडण्याआधी

एंडोमेट्रिऑसिस असलेली बाई "पोट साफ होत नाही" म्हणाली की घरी-दारी तिला एकच सल्ला मिळतो: पाणी भरपूर पी, पालेभाज्या खा, रात्री ईसबगोल घे. बऱ्याच जणींचं तेवढ्यावर भागतंही. पण काहींचं पोट ईसबगोलने आणखी फुगतं, कळा वाढतात, आणि मग आपणच काहीतरी चुकतोय असं त्यांना वाटत राहतं. चूक बहुतेक वेळा त्यांची नसते. या आजारात मळ अडण्याची कारणं वेगवेगळी असतात, आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणात त्रास वाढवतो. म्हणून आपला मळ नक्की कुठे आणि कशामुळे अडतोय, हे आधी शोधायचं.

मळ अडतो कुठे?

एंडोमेट्रिऑसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाच्या बाहेर वाढते. पाळी येण्याच्या वयातल्या साधारण दहांपैकी एकीला हा आजार असतो. गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधली खोलगट जागा हे या ऊतीचं नेहमीचं ठिकाण. म्हणजे आतडं अगदी शेजारीच. तिथून पुढे अडचण चार प्रकारे उभी राहते.

पहिला प्रकार मंद आतड्याचा. चार-चार दिवस वेगच येत नाही आणि आला तरी मळ खड्यासारखा असतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन जास्त असतं, त्याने आतडं सुस्तावतं. त्या दिवसांत हा त्रास ठळकपणे जाणवतो.

दुसरा प्रकार दाराशी अडण्याचा. मळ मऊ असतो, वेगही येतो, पण बसल्यावर बाहेर पडत नाही. खूप कुंथावं लागतं, थोडं होतं आणि "अजून आत आहे" ही भावना जात नाही. वर्षानुवर्षं ओटीपोट दुखत असलं की तळाचे स्नायू सतत आवळलेले राहतात. शौचाच्या वेळी ते सैल पडायला हवेत, तर ते उलट आणखी घट्ट होतात. हा प्रकार सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो, कारण यात बाईला जुलाबाचं औषध दिलं जातं, मळ पातळ होतो आणि तरीही दार उघडत नाही.

तिसरा प्रकार आतड्यालाच झालेल्या आजाराचा. एंडोमेट्रिऑसिसची गाठ गुदाशयाच्या किंवा त्याच्या वरच्या आतड्याच्या भिंतीत रुतते, किंवा अवयव एकमेकांना चिकटून आतड्याला पीळ पडतो, मार्ग अरुंद होतो. पाळीच्या दिवसांत शौचाच्या वेळी आत खोलवर सुरी फिरल्यासारखं दुखणं ही याची महत्त्वाची खूण. इथे चोथा वाढवला तर अरुंद जागेत जास्त माल ढकलल्यासारखं होतं.

चौथा प्रकार औषधांचा. तो पहिल्या तिघांत मिसळलेला असतो आणि सर्वांत लवकर दुरुस्त होऊ शकतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी औषधांचा डबा रिकामा करून पाहा

घरातल्या सगळ्या गोळ्या, सिरप आणि चूर्णं टेबलावर मांडा. प्रत्येकाच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेली घटकांची नावं वाचा.

पाळीच्या दुखण्यावर आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी गोळी दोन औषधांची असते: मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमिन. मेफेनॅमिक ॲसिड दुखणं कमी करतं. डायसायक्लोमिन आतड्याचं आकुंचन मंदावतं, आणि बद्धकोष्ठता हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. महिन्यातले आठ-दहा दिवस ही गोळी घेतली जात असेल तर फक्त मेफेनॅमिक ॲसिड किंवा तशाच दुसऱ्या एकेरी वेदनाशामकावर भागेल का, हे डॉक्टरांना विचारा. असं वेदनाशामक जेवणानंतर घ्यायचं. पोटात अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

ट्रामाडॉल आणि कोडीन ही अफूवर्गातली औषधं आतडं जवळजवळ थांबवतात. यांच्यावर चोथा काम करत नाही, उलट मळाचा गोळा फुगून बसतो. ही औषधं खरोखर गरजेची असतील तर पहिल्या गोळीबरोबरच मळ मऊ करणारं औषध सुरू व्हायला हवं. पोट बिघडल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नसतो.

जास्त रक्तस्रावामुळे हिमोग्लोबिन उतरतं आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. त्यांनी मळ काळा आणि कडक होतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, रक्त कमी राहणं हा वेगळाच त्रास आहे. दिवसाआड एक गोळी घेतली तर लोह चांगलं शोषलं जातं आणि पोटाला त्रास कमी होतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. तुमच्या बाबतीत ते चालेल का हे डॉक्टर हिमोग्लोबिन बघून सांगतील. पुष्कळ बिघडत असेल तर शिरेतून लोह देण्याचाही पर्याय असतो.

याशिवाय कॅल्शियमच्या गोळ्या, ॲल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची औषधं, मळमळीवरचं ऑन्डान्सेट्रॉन आणि जुनाट वेदनेसाठी दिलं जाणारं ॲमिट्रिप्टिलिन, हे सगळे मळ अडवणारे. प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या हार्मोनच्या गोळ्यांनीही काहींचं आतडं मंदावतं. पण त्याच गोळ्यांनी मूळ आजार आटोक्यात येऊन पोट सुधारल्याचंही दिसतं, त्यामुळे निदान तीन महिने नोंद ठेवल्याशिवाय त्यांना दोषी ठरवू नका.

दोन पाळ्यांची नोंद

एका छोट्या वहीत रोज एक ओळ लिहायची: पाळीचा कितवा दिवस, शौच झालं का, मळ कसा होता, किती मिनिटं बसावं लागलं, पूर्ण झाल्यासारखं वाटलं का, दुखलं तर कुठे, आणि त्या दिवशी कोणती औषधं घेतली. मळाचं वर्णन ब्रिस्टल तक्त्याच्या आकड्यांत करा, डॉक्टरांना ते लगेच कळतं. 1 म्हणजे लेंड्यांसारखे सुटे खडे. 2 म्हणजे खडे एकत्र चिकटून झालेला गाठाळ मळ. 3 म्हणजे वर भेगा असलेला. 4 म्हणजे गुळगुळीत आणि मऊ. 5 म्हणजे मऊ सुटे तुकडे, 6 म्हणजे भुसभुशीत, 7 म्हणजे पाणी. आपल्याला 4 च्या आसपास राहायचं आहे.

दोन पाळ्यांनंतर वही वाचली की चित्र बरंचसं स्पष्ट होतं. बहुतेक दिवस 1-2 असेल तर पहिला प्रकार. 4-5 असूनही वीस मिनिटं कुंथणं असेल तर दुसरा. दुखणं आणि अडणं पाळीभोवती ठरून वाढत असेल तर तिसऱ्याची शंका घ्यायची. दोन प्रकार एकत्र असणंही अगदी नेहमीचं.

एक फसवी नोंद ओळखून ठेवा. पाच-सहा दिवस काहीच नाही आणि मग अचानक पाण्यासारखं, तेही न कळत झिरपणारं. हे जुलाब नसू शकतात. आत अडकलेल्या कडक गोळ्याच्या कडेने पातळ मळ वाट काढतो. यावर जुलाब थांबवणारी गोळी घेतली तर गोळा आणखी पक्का होतो. अशा वेळी डॉक्टरांनी पोट आणि गुदाशय तपासायला हवं.

सकाळची वीस मिनिटं

काही खाल्लं की मोठं आतडं हलतं, आणि सकाळी ही हालचाल सर्वांत जोरात असते. त्यामुळे नुसत्या चहावर घराबाहेर पडणं महागात पडतं. उठल्यावर गरम पाणी किंवा चहा, अर्ध्या तासात पोटभर न्याहारी, आणि न्याहारीनंतर 15 ते 30 मिनिटांनी शौचाला बसायचं. वेग आला नसेल तरी रोज त्याच वेळी.

भारतीय पद्धतीच्या भांड्यावर उकिडवं बसणं ही मुळात उत्तम बैठक आहे, फक्त टाचा टेकलेल्या हव्यात. चवड्यावर तोल सांभाळत बसलं तर तळाचे स्नायू आवळलेलेच राहतात. पाळीत कंबर-मांड्या धरल्यामुळे उकिडवं बसवत नसेल तर कमोड वापरा. पायांखाली 15 ते 20 सेंटिमीटर उंचीचा स्टूल घ्या. स्वयंपाकघरातला पाट यासाठी बुटका पडतो. गुडघे कमरेच्या वर यायला हवेत, तळवे पूर्ण टेकलेले, कोपरं मांड्यांवर, पाठ सरळ ठेवून पुढे झुकायचं.

आता श्वास. दम रोखून, चेहरा लाल करून कुंथू नका, त्याने दार आणखी बंद होतं. नाकाने श्वास घेताना पोट पुढे फुगू द्या, ते तसंच फुगीर ठेवून तोंडाने सावकाश "हूऽऽ" करत श्वास सोडा आणि जोर खाली, मागच्या बाजूला जाऊ द्या. असे पाच-सहा श्वास, मग थोडी विश्रांती, पुन्हा पाच-सहा. दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं. मोबाइल घेऊन अर्धा तास बसल्याने मूळव्याधीची भर पडते.

दिवसभरात आलेला वेग दाबू नका, हे सांगणं सोपं आहे. लोकलचा दीड तासाचा प्रवास, ऑफिसातलं अस्वच्छ शौचालय, शाळेत शिकवताना न मिळणारी सुटी, हे सगळं खरं आहे. वेग दाबला की तो ओसरतो, मळ आत राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि संध्याकाळी तोच मळ खडा झालेला असतो. म्हणूनच सकाळची वेळ घरातल्या सगळ्यांशी बोलून स्वतःसाठी राखून घ्या. एकच शौचालय असलेल्या घरात हे भांडून मिळवावं लागलं तरी मिळवा.

चोथा: कोणता, किती, आणि कधी नाही

तिसऱ्या प्रकारची शंका असेल, किंवा ट्रामाडॉल-कोडीन चालू असेल, तर हा भाग सध्या बाजूला ठेवा.

मोठ्या माणसाने दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा खावा असं मानतात. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम असतो, बाजरी आणि नाचणीत त्याहून किंचित जास्त. पॉलिश केलेल्या तांदळात तो 3 ग्रॅमच्याही आत. रात्रीच्या भाताच्या जागी 50-60 ग्रॅम पिठाची एक भाकरी आली की 5-6 ग्रॅमची सोय होते. ज्वारी-नाचणीचा आणखी एक फायदा असा की गव्हाच्या मानाने त्यांनी वारा कमी धरतो, आणि पोट आधीच फुगलेल्या बाईला याचा मोठा दिलासा असतो. पिकलेली पपई, पिकलेला पेरू, साल काढून दोन किवी, शिजवलेला दुधी, भोपळा, पालक हे पोटाला मानवणारे पदार्थ. जवसाची चटणी रोज एक मोठा चमचा चालेल, पण जवस कुटलेलं हवं, अख्खं तसंच बाहेर पडतं.

कांदा, लसूण, राजमा, छोले, मोड आलेली मटकी यांनी काहींचं पोट प्रचंड फुगतं. आतड्यातले जंतू यांतल्या विशिष्ट साखरा आंबवून वायू करतात. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने तयार केलेला लो फोडमॅप आहार यावरच आधारलेला आहे. तो चार ते सहा आठवड्यांचा प्रयोग असतो, कायमचं पथ्य नव्हे, आणि आहारतज्ज्ञाच्या मदतीनेच करावा, नाहीतर चोथाच कमी पडून मूळ त्रास वाढतो. कडधान्यं आठ-दहा तास भिजवून ते पाणी फेकून दिलं तरी बराच फरक पडतो.

उपवासांकडे विशेष लक्ष द्या. साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतो. खिचडी आणि चहावर काढलेली एकादशी, त्यात पाळीच्या आधीचा आठवडा आला, की पुढचे चार दिवस हमखास अडतं. उपवास सोडवत नसेल तर राजगिरा, रताळं, पपई आणि ताकावर भर द्या.

आता ईसबगोल. पहिला आठवडा सपाट एक चहाचा चमचा, दिवसातून एकदा. तो 200 ते 250 मिलिलिटर पाण्यात ढवळून फुगायच्या आत लगेच प्यायचा, वर आणखी एक पेला पाणी. दुसऱ्या आठवड्यात गरज असेल तर दोन चमचे. कोरडा कधीही खायचा नाही, अन्ननलिकेत अडकतो. झोपायला जाताना घ्यायचा नाही, संध्याकाळी घ्या. इतर औषधांत आणि यात दोन तासांचं अंतर ठेवा. गुण यायला चार-पाच दिवस लागतात. दोन आठवड्यांनंतर फुगणं आणि दुखणंच वाढलेलं असेल तर थांबवा. तुमची अडचण चोथ्याच्या कमतरतेची नाही, ही माहितीही मोलाची आहे.

पाणी दिवसाला दोन-सव्वादोन लिटर पुरे. त्याहून जास्त पिऊन मळ आणखी मऊ होत नाही.

पोट साफ करणारी औषधं

जुनाट त्रासात पहिली पसंती पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या पावडरीला. ती आतड्यात पाणी धरून ठेवते. नेहमीची मात्रा 17 ग्रॅम, पेलाभर पाण्यात, दिवसातून एकदा. परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात, म्हणून पहिल्याच रात्री "काही उपयोग नाही" म्हणून सोडू नका. मळ 6-7 वर गेला तर मात्रा अर्धी करा. हिची सवय लागत नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने घेता येते. दुकानात मागताना एक काळजी घ्या: दोन लिटर पाण्यात कालवायचं मोठं पाकीट कोलोनोस्कोपीच्या (दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासण्याच्या) तयारीसाठी असतं, रोजच्या वापरासाठी नव्हे.

लॅक्ट्युलोज सिरप 15 ते 30 मिलिलिटर, हेही चालतं. पण ते आतड्यात आंबतं आणि वारा धरतो, त्यामुळे पोट फुगणाऱ्या बाईला सहसा आवडत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मॅग्नेशियमची औषधं टाळायची.

बिसाकोडिल 5 ते 10 मिलिग्रॅम रात्री घेतलं की सहा ते बारा तासांत आतडं आकुंचन पावतं. ही गोळी चावायची नाही, दुधाबरोबर किंवा आम्लपित्ताच्या गोळीबरोबर घ्यायची नाही. मुरडा येतो, म्हणून पाळीच्या कळा चालू असताना ती नकोशी होते. तीन दिवस काहीच झालं नाही तर अधूनमधून घेण्याची ही गोळी.

"आयुर्वेदिक आहे, रोज घेतलं तरी चालतं" असं म्हणत विकली जाणारी बरीचशी चूर्णं सोनामुखीवर चालतात. सोनामुखी हे बिसाकोडिलसारखंच आतड्याला चाबूक मारणारं औषध आहे, नाव वेगळं एवढंच. डब्यावरचे घटक वाचा आणि दोन्ही एकत्र घेऊ नका. एरंडेलाने जोरदार मुरडा येतो आणि गर्भाशयही आकुंचन पावतं. मूल होण्यासाठी प्रयत्न चालू असतील तर ते नकोच.

मात्रा महिनाभर एकसारखी ठेवणं ही इथली नेहमीची चूक. पाळीच्या आधी पाच-सात दिवस मळ कडक होतो आणि पाळी सुरू झाली की शरीरात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनामुळे पातळ होतो. वहीत हा ठेका दिसत असेल तर पाळीच्या आठवडाभर आधी पावडर वाढवायची आणि पहिल्या दिवशी कमी करायची, असं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आवळलेले स्नायू सोडवणं

दुसऱ्या प्रकारात खरा उपचार फिजिओथेरपीचा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट शोधा. मुंबई-पुण्यात त्या मिळतात, लहान गावांत ऑनलाइन मार्गदर्शनाने निदान सुरुवात होते. बायकांना सरसकट सांगितला जाणारा कीगल व्यायाम इथे उलटा पडतो: जे स्नायू आधीच आवळलेले आहेत त्यांना आणखी आवळायला शिकवायचं नसतं. घरी दिवसातून दोनदा पाच मिनिटं, पाठीवर झोपून गुडघे वाकवा, एक हात पोटावर ठेवा. श्वास घेताना पोट वर येईल आणि गुदद्वाराची जागा सैल, जड पडल्यासारखी वाटेल. ती जाणीव ओळखता आली की तीच शौचाला बसल्यावर आणायची. बालासन आणि ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी यांनीही स्नायू सैल पडायला मदत होते.

अडतंय ते स्नायूंमुळेच का, हे तपासता येतं. गुदाशयाचा दाब मोजणारी मॅनोमेट्री आणि 50 मिलिलिटर पाण्याचा छोटा फुगा बाहेर टाकायला लावण्याची चाचणी मोठ्या रुग्णालयांत होते. निदान झालं तर बायोफीडबॅक (स्नायूंची हालचाल यंत्रावर बघत ते सैल सोडायला शिकणं) नावाचं प्रशिक्षण देतात, आणि या प्रकारात ते जुलाबाच्या औषधांपेक्षा जास्त उपयोगी ठरतं.

डॉक्टरांकडे

पोट टम्म फुगलंय, वारासुद्धा सरत नाही, उलट्या आणि कळांवर कळा, असं असेल तर कोणतंही जुलाबाचं औषध न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आतडं बंद पडल्याची ती लक्षणं असू शकतात. मळातून रक्त (मग ते पाळीतच जात असलं तरी), कारण नसताना घटणारं वजन, मळाची धार सतत बारीक होत जाणं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, ही लक्षणं असतील तर तपासणी लांबवू नका.

बाकीच्यांनी वही आणि औषधांची यादी घेऊन जावं. स्त्रीरोगतज्ज्ञ पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवतात, ते परत इकडे पाठवतात. या फेऱ्या टाळायच्या तर एकच पानभर टिपण दोघांनाही द्या. "बद्धकोष्ठता आहे" एवढं सांगू नका. "पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत शौचाच्या वेळी गुदाशयात आत दुखतं" असं नेमकं सांगा. लाज वाटते, समोर पुरुष डॉक्टर असले तर जास्तच. बोलवत नसेल तर तेच वाक्य लिहून त्यांच्यापुढे ठेवा.

कोलोनोस्कोपी स्वच्छ आली म्हणजे आतडं निर्दोष ठरत नाही. एंडोमेट्रिऑसिस आतड्याच्या बाहेरून आत शिरतो, आतलं अस्तर बहुधा शाबूत असतं आणि दुर्बीण आतूनच पाहते. त्यासाठी या आजाराचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाने योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. साध्या सोनोग्राफीत खोलवरचा आजार सुटू शकतो. सोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि कॅल्शियमच्या रक्तचाचण्या करून घ्याव्यात. थायरॉइड कमी काम करत असेल तर वरचं सगळं करूनही आतडं हलत नाही.

आतड्यावरची गाठ मोठी असेल तर शस्त्रक्रियेचा विषय निघतो: गाठ वरून खरवडणं, तेवढी चकती कापून काढणं किंवा आतड्याचा तुकडा काढून टोकं जोडणं. दुखणं बहुतेकींचं कमी होतं. बद्धकोष्ठतेचं तसं सांगता येत नाही. ती कमी होऊ शकते, तशीच राहू शकते आणि नसांना धक्का लागला तर नव्याने सुरूही होऊ शकते. हा प्रश्न सर्जनना शस्त्रक्रियेच्या आधीच, स्पष्ट शब्दांत विचारा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी आधीपासून सुरू केलेली बरी. शस्त्रक्रियेनंतर मळ मऊ ठेवणारं औषध कधी सुरू करायचं ते लिहून घ्या. आतडं जोडलेलं असेल तर सर्जननी परवानगी देईपर्यंत एनिमा किंवा गुदद्वारातून द्यायची कुठलीही गोळी घेऊ नका.